पक्षाघातानंतरची व्हिडिओ तपासणी: फोन कुठे ठेवायचा?

पहिली तपासणी समोरासमोरच करून घ्या. स्नायूंचा ताठरपणा, स्पर्शाची जाणीव हाताने तपासावी लागते. पुढे मात्र गोव्यातल्या सत्तरी-काणकोणसारख्या लांबच्या तालुक्यातल्या माणसाला प्रत्येक वेळी बांबोळीच्या सरकारी इस्पितळापर्यंत आणायची गरज नसते. प्रवासाने दमलेल्या माणसाची नेहमीची चाल आम्हाला दिसतही नाही.

फोन चार्ज करा, रिपोर्ट आणि गोळ्या जवळ ठेवा. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून आणखी एक नंबर देऊन ठेवा.

खरी अडचण कॅमेऱ्याची. सुरुवातीला मला सर्वांत जास्त त्रास याचाच झाला: चेहरा स्वच्छ दिसायचा, पावलं गायब. ‘फोन हातात धरून पेशंटसमोर उलटं चालत जा’ असं सर्रास सांगतात. कृपा करून हे करू नका. चित्र हलतं ते सोडा, पेशंटचा तोल गेला तर सावरायला हात मोकळा नसतो. फोन टेबलावर डब्याला टेकवून आडवा ठेवा, साधारण कमरेच्या उंचीवर, माणसापासून तीनेक मीटर. खोली लहान असेल तर ओसरीत या. उजेड फोनच्या पाठीमागून यावा. दाराकडे पाठ करून उभं केलं की नुसती काळी आकृती दिसते. लुंगी, नायटी नको, गुडघे दिसू द्या. एकदा समोरून चालवा, एकदा बाजूने. पाऊल घासतंय का, गुडघा मागे ढकलला जातोय का, हे बाजूनेच नीट कळतं. नेट अडखळत असेल तर चाल आधीच रेकॉर्ड करून पाठवा. थांबत-थांबत येणाऱ्या चित्रावरून चाल ठरवणं मला मान्य नाही.

सोबतीला दुसरं माणूस हवंच. त्याने कमजोर बाजूला, किंचित मागे उभं राहायचं आणि आधार कमरेला द्यायचा. लुळा हात धरून ओढायचं नाही. तो खांदा आधीच सैल असतो, ओढल्याने दुखणं महिनोन्‌महिने राहतं.

बोलायला त्रास होत असेल तर त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. घरात कोकणी बोलत असतील तर कोकणीतच बोलू द्या.

कॉलच्या वेळी किंवा एरवीही तोंड अचानक वाकडं झालं, हात गळाला, जीभ जड झाली, तर व्हिडिओची वाट पाहायची नाही. तडक १०८ ला फोन करा आणि त्रास कधी सुरू झाला ती वेळ सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.