साड्यांचं कपाट आवरताय? आधी ब्लाऊज बाहेर काढा

पहिली गोष्ट म्हणजे भर पावसाळ्यात कपाट आवरायला घेऊ नका. हवेत ओल असते, बाहेर काढलेलं सगळं कुबट होऊन तसंच परत आत जातं. घट बसायच्या आधी घराची साफसफाई निघतेच, त्यात उरका नाहीतर ऑक्टोबर हीटमधला एखादा रविवार धरा, म्हणजे रिकामं कपाट दिवसभर उघडं टाकून चांगलं वाळतं तरी. आणि अख्खं कपाट एकदम पलंगावर उपसू नका, व्हिडिओत भारी दिसतं पण रात्री त्याच पलंगावर झोपायचं असतं ना. एक कप्पा घ्या, तो पूर्ण संपवा, मग दुसरा.

आता साड्या. साडी ठेवू की देऊ हे साडीकडे बघून कधीच ठरत नाही, कारण हातात घेतली की ही मावशीने बारशाला दिलेली, ही पहिल्या पगाराची, आणि झालं, परत घडी घालून आत. म्हणून साडी बाजूला ठेवा आणि तिचा ब्लाऊज काढा. घालून बघा, नुसता अंगाला लावून नाही, हुक लावून, हात वर करून. घट्ट होत असेल तर उलटा करून बाजूची शिवण बघा, बहुतेक टेलर आत कापड सोडतात आणि दोन-तीन टिपा मारलेल्या असतात, आतली एक टीप उसवली की बऱ्याचदा काम होऊन जातं. आत कापडच नसेल तर स्वतःला विचारा, या आठवड्यात नवीन ब्लाऊज शिवायला टाकणार का? टाकणार असाल तर ठेवा. नसाल तर ती साडी तुम्ही नेसणार नाही, कितीही म्हणालात तरी, मग ती बिनधास्त द्या.

आहेरात आलेल्या, घडीही न मोडलेल्या साड्या आहेरातच पुढे सरकवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळेच करतात. फक्त कोणी दिली ते चिठ्ठीवर लिहून साडीला टाचून ठेवा, त्यांच्याच घरच्या लग्नात परत जायला नको 😄 (आणि द्यायच्या आधी ती चिठ्ठी काढा!)

विरलेल्या मऊ सुती साड्या गोधडीला. सिंथेटिक घालू नका, सरकतं आणि घामही शोषत नाही. नवऱ्याचे कॉलर गेलेले शर्ट, भोकं पडलेले टी-शर्ट यावर विचार करण्यात वेळ घालवू नका, सरळ पुसायला घ्या.

बोहारीण येत असेल तर उत्तमच, पण ती प्रत्येक कपडा उजेडात धरून बघणार, "ताई ही विरलीय" म्हणणार आणि कढईसाठी अजून एक पँट मागणार, तेव्हा एक-दोन पँटी मागे राखून ठेवा. जुनी जरीची साडी मात्र तिला घाईने देऊन टाकू नका. खरी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा, अशा साड्या विकत घेणारे असतात, दोन ठिकाणी विचारा मग ठरवा. बाकी धड कपडे गूंजसारख्या संस्थेला देता येतात, 1999 पासून ते हेच काम करतायत, फक्त धुऊन, बटणं-चेन शाबूत असलेलेच द्या, फाटकं दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. आणि काढलेल्या पिशव्या त्याच दिवशी घराबाहेर गेल्या पाहिजेत, दोन दिवस दारात राहिल्या की घरातलं कोणीतरी उघडून बघणार, "अगं ही तर चांगलीय" म्हणणार आणि अर्ध्या साड्या परत कपाटात.

जे राहिलं त्यातल्या पैठण्या आणि रेशमी साड्या प्लास्टिकच्या कव्हरमधून काढून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. कडक उन्हात टाकू नका, रंग उडतो, सावलीत वारा लागू द्या. डांबरगोळ्या जरीला लागल्या तर जर काळी पडते, तेव्हा त्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. तीन-चार महिन्यांनी घडी बदला नाहीतर साडी घडीवरच चिरते, आणि कधी बदलली ती तारीख कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, नुसतं लक्षात ठेवू म्हटलं तर राहत नाही.