टक्कर घडवण्याआधी एक समूह एकटा चालवून बघा

दीर्घिकासमूहांची सिम्युलेशन चालवणारा गॅजेट हा प्रोग्राम कंपाइल करणं, त्याची पॅरामीटर फाइल भरणं तुम्हाला येत असेलच, त्यावर लिहीत नाही. माझे चार महिने गेले ते दुसऱ्याच गोष्टीपायी.

बुलेट क्लस्टरसारखी, म्हणजे एकमेकांतून आरपार गेलेल्या दोन दीर्घिकासमूहांसारखी टक्कर संगणकावर करायची होती. दोन समूह समोरासमोर सोडले. क्ष-किरणांच्या नकाशात मोठ्या समूहाभोवती सुरेख कमान उमटली. शॉक, म्हणजे टकरीनं वायूत उठणारी धक्कालहर मिळाली, असं समजून मी ती सेमिनारमध्ये दाखवली. मागून एका सीनियर मुलीनं विचारलं, "पण हे दोघं अजून भेटलेत कुठे?" खरंच, त्या क्षणाच्या स्नॅपशॉटमध्ये दोघांत चांगलं दोन मेगापार्सेक (सुमारे 65 लाख प्रकाशवर्षं) अंतर होतं.

कमान टकरीची नव्हतीच. वायूची घनता मी बीटा मॉडेल या तयार सूत्रानं मांडली होती, तापमान सगळीकडे एकच दिलं होतं आणि गुरुत्व मात्र एनएफडब्ल्यू प्रोफाइल या दुसऱ्याच सूत्रानं पसरलेल्या डार्क मॅटरचं. दाबाचा आणि गुरुत्वाचा मेळ बसणार कसा? शिवाय व्हिरियल त्रिज्येवर, म्हणजे समूहाची हद्द मानतात तिथे, वायू कात्रीनं कापल्यासारखा संपवलेला, पलीकडे पोकळी. रन सुरू होताच कडेचा वायू बाहेर उसळला, आतला खाली बसला आणि लाट निघाली. ती माझी कमान.

तेव्हा तापमान हातानं देऊ नका, दाब आणि गुरुत्व यांचा तोल सांगणारं हायड्रोस्टॅटिक समीकरण सोडवून काढा. कडेला घनता हळूहळू विरू द्या. मग तो समूह एकटाच चालवा. 5 कोटी केल्विनच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 1000 किमी, म्हणजे एक मेगापार्सेक जायलाच जवळपास 100 कोटी वर्षं. निदान 300 कोटी वर्षं चालवा, घनता-तापमानाचे आलेख एकावर एक ठेवा. हलताना दिसले तर टक्कर करूच नका.

दुसऱ्याची तयार फाइल उचलण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. त्यातली एककं आणि हबल स्थिरांकाचा एच (अंतरं-वस्तुमानांच्या एककांत येणारा गुणक) कुठे लपलाय ते कळत नाही. आणि गाइड नुसतं चित्र बघून "छान" म्हणत असतील, तर शेजारच्या पोस्टडॉकला आलेख दाखवा.

खरा शॉक मिळाला तरी त्याचा वेग समूहाचा समजू नका. बुलेटमधला शॉक सेकंदाला 4700 किमीच्या आसपास निघाला. पण 2007 मध्ये स्प्रिंगेल आणि फॅरार यांनी सिम्युलेशननं दाखवलं, की लहान समूह स्वतः 2700 च्या आसपासच जातोय. शॉकसमोरचा वायूही लहान समूहाकडे ओढला जात असतो ना!

पहिले काही समूह बिघडतील, घाबरू नका. माझा सातवा स्थिर राहिला. त्याच्या टकरीत, गाभे एकमेकांतून आरपार गेल्यावर, लहान समूहाच्या पुढे शॉक उमटला, बुलेटच्या क्ष-किरण चित्रात दिसतो तसाच.