केंद्र सरकारचं काम हवंय? आधी टेक्निकलमध्ये टिका

‘दर पाडा, टेंडर मिळतं.’ लघुउद्योजकाला याहून नुकसानकारक सल्ला दुसरा नाही. भोसरीला आमचा पत्र्याची कपाटं, लॉकर आणि लोखंडी कॉट बनवायचा लहान कारखाना आहे. सुरुवातीच्या अकरा बिडांपैकी (टेंडरला भरलेल्या प्रस्तावांपैकी) नऊमध्ये आम्ही टेक्निकललाच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या कागदपत्रांच्या तपासणीतच, उडालो. त्या नऊ बिडांत मी मजुरीसुद्धा सुटणार नाही असे दर टाकले होते आणि ते कुणी उघडूनही पाहिले नाहीत. माझ्यासारखे कितीतरी कारखानदार अशीच दोन-तीन वर्षं वाया घालवून ‘सगळं आधीच ठरलेलं असतं’ म्हणत बाहेर पडतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरचं खातं तुमच्याकडे आहे असं धरतो. जेमवरची नोंदणी फुकट आहे. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका आणि पासवर्ड तर कधीच देऊ नका. रेल्वेची बरीच कामं आयआरईपीएस या तिच्या स्वतःच्या टेंडर पोर्टलवर निघतात, तिथे क्लास-३ डिजिटल सही लागते.

उद्यम प्रमाणपत्र मात्र आज पुन्हा उघडून बघा. त्यावर तुमचा व्यवसाय ‘उत्पादन’ किंवा ‘सेवा’ लिहिलाय की ‘व्यापार’? व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यममध्ये घेतलं, पण फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी. सरकारी खरेदीतल्या सवलती त्यांना नाहीत. दुसऱ्याचा माल विकून त्या सवलती मागाल तर बाद व्हाल.

बिड निवडताना माल कुठे पोचवायचाय ते आधी बघा. जेमवर माल घेणाऱ्याच्या गावानुसार शोधता येतं. जेमवरचा दर कर आणि पोचवणुकीसकट असतो, त्यामुळे कपाटासारख्या अवजड मालात जवळचं गिऱ्हाईक हीच आपली ताकद. खडकवासला, तळेगाव, दौंड, सोलापूर इथल्या केंद्रीय संस्था आणि रेल्वेची कार्यालयं सोडून मी गुवाहाटीचं बिड भरत नाही.

आता मुख्य गोष्ट, बिडचा कागद वाचणं. माझा पहिला मोठा गैरसमज असा, की आपण सूक्ष्म उद्योग, म्हणजे सगळ्यातून सूट. तसं नाही. ईएमडी (बिडसोबतची अनामत रक्कम) आणि टेंडर फी यांची माफी हा २०१२ च्या खरेदी धोरणाने दिलेला हक्क आहे. अनुभव आणि उलाढालीची सूट ही वेगळी बाब, ती खरेदीदार देईल तरच मिळते. बिडच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर त्यासाठी वेगळी ओळ असते आणि तिच्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहिलेलं असतं. ‘नाही’ असेल आणि तीन वर्षांचा अनुभव मागितला असेल, तर तो कागद लावावाच लागतो. ही ओळ न वाचता मी चार बिडं भरली आणि चारही गेली.

दुसरी चूक अनुभवाच्या पुराव्यातली. एका कार्यालयाच्या बिडला मी जुन्या दोन ऑर्डरच्या प्रती जोडल्या आणि निर्धास्त झालो. निकाल आला, ‘अनुभव सिद्ध होत नाही.’ मला राग आला होता, पण चूक माझीच होती. ऑर्डर मिळाल्याने काम पूर्ण केल्याचं सिद्ध होत नाही. प्रत्येक ऑर्डरला तिचं बिल आणि माल स्वीकारल्याचा दाखला जोडा. जेमवरच्या जुन्या कामाला सीआरएसी, म्हणजे पोर्टलवरचा माल स्वीकारल्याचा दाखला, जोडायचा, खासगी कंपनीच्या कामाला त्यांच्या लेटरहेडवरचं पूर्ततेचं पत्र. काम संपलं त्याच आठवड्यात हे पत्र मागून ठेवा, वर्षभराने तो खरेदी अधिकारी तिथे नसतो. उलाढालीच्या सीए दाखल्यावर यूडीआयएन (दाखला खरा आहे का ते पडताळायचा) क्रमांक आहे ना, तेही तपासा.

सगळ्यात जास्त माणसं मरतात ती एटीसीत, म्हणजे खरेदीदाराने स्वतः जोडलेल्या अटींत. त्या बहुतेक शेवटी एखाद्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतात आणि जेमचा शोध तिथे चालत नाही. माझी पद्धत ठरलेली आहे. पूर्ण बिड छापून काढायचं, मागितलेल्या प्रत्येक कागदाखाली पेनाने रेघ मारायची. मग एक तक्ता करायचा: अट, आपला कागद, पान क्रमांक. पत्रा ‘०.८ मिमी सीआरसीए आयएस ५१३’ असा (जाडी, प्रकार आणि भारतीय मानक क्रमांक देऊन) मागितला असेल, तर तक्त्यात तसंच लिहायचं आणि पुढे चाचणी अहवालाचं पान द्यायचं. ‘सर्व अटी मान्य’ असं एका ओळीत लिहून मोकळं होऊ नका. तपासणाऱ्या बाबूसमोर वीस फायली असतात, त्याला पान सापडलं नाही तर तुमचा कागद नाहीच असं तो धरतो.

अट अन्यायाची वाटली तर गप्प बसू नका. ठरावीक खात्याचाच अनुभव मागणं किंवा बिडसोबत नमुना मागणं जेमच्याच नियमांत बसत नाही. बिड निघाल्यापासून चार दिवसांत पोर्टलवर हरकत नोंदवता येते आणि खरेदीदाराला उत्तर द्यावंच लागतं. आम्ही हे तीनदा केलं, दोनदा अट बदलली.

बिड भरल्यावर रोज लॉगिन करा. टेक्निकल तपासणीत खुलासा मागितला तर बहुधा दोनच दिवस मिळतात. ईमेलवर विसंबून मी एक काम घालवलंय.

दर परवडेल तोच टाका. एल-१, म्हणजे सर्वांत कमी दर देणारी, सूक्ष्म-लघु नसलेली कंपनी असेल आणि तुमचा दर तिच्याहून १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तिच्या दराला यायची संधी तुम्हाला मिळते. जुळवलात तर किमान २५ टक्के माल तुमच्यासारख्या लघुउद्योगांच्या वाट्याला, आणि माल विभागता येत नसेल तर सगळं कामही मिळू शकतं. एल-१ स्वतःच लघुउद्योग असेल तर हा फायदा नाही. आणि रिव्हर्स ऑक्शनमध्ये (दर खाली आणत जायच्या लिलावात) पुढे उतरू म्हणून सुरुवातीला चढा दर ठेवू नका. काही बिडांत सर्वांत चढा दर देणारा लिलावाआधीच बाहेर जातो.

माल वेळेत द्या, उतरवतानाचे फोटो आणि सही-शिक्क्याचं डिलिव्हरी चलन जपा.

पैसे अडकले तर लाजू नका. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे कमाल ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आधी लेखी स्मरणपत्र द्या, मग एमएसएमई मंत्रालयाच्या थकीत पैशांच्या तक्रारीच्या पोर्टलवर अर्ज करा. ‘पुढचं काम मिळणार नाही’ ही भीती मलाही दाखवली गेली होती. त्याच कार्यालयाची ऑर्डर मी नंतर दोनदा पुरवली.