यूकेत फिक्स्ड टॅरिफ घेतलाय, मग बिल का बदलतं?

इकडे नवीन आलेल्या बऱ्याच जणांना वाटतं की फिक्स्ड टॅरिफ घेतला म्हणजे वीज-गॅसचं बिल वर्षभर तेवढंच येणार. तसं नसतं हो. फिक्स होतो तो फक्त दर, म्हणजे एका युनिटचा (kWh चा) रेट आणि रोजचा स्टँडिंग चार्ज, म्हणजे वापर असो-नसो लागणारा ठरावीक आकार. हीटिंग दिवसभर चालू ठेवलं तर बिल वाढणारच, आणि उलट महिनाभर घर बंद करून भारतात गेलात तरी स्टँडिंग चार्ज पडतोच.

आता महिन्याचा डायरेक्ट डेबिट, खरा गोंधळ इथे आहे. बँक खात्यातून आपोआप जाते ती रक्कम म्हणजे त्या महिन्याचं बिल नाही, कंपनी तुमच्या वर्षाच्या वापराचा अंदाज बांधते आणि त्याचे १२ सारखे हप्ते पाडते. समजा विजेचे वर्षाला २,७०० युनिट, रेट २५ पेन्स आणि स्टँडिंग चार्ज रोज ५० पेन्स. युनिटचे झाले ६७५ पाउंड, स्टँडिंग चार्जचे १८२.५०, एकूण ८५७.५०, भागिले १२ म्हणजे महिना साधारण ७१.५० पाउंड. उन्हाळ्यात वापर कमी म्हणून कंपनीकडच्या तुमच्या खात्यात क्रेडिट, म्हणजे जास्तीचे भरलेले पैसे, साठतं, थंडीत ते संपतं. त्यामुळे ऑक्टोबरच्या आसपास क्रेडिट दिसलं तर लगेच खूश होऊ नका, ते जानेवारीत लागणार असतं. पण थंडी संपल्यावरही भरपूर क्रेडिट उरलं असेल तर परत मागा, बिनधास्त मागा, पैसे तुमचेच आहेत. हप्त्यांची भानगडच नको असेल तर बऱ्याच कंपन्या व्हेरिएबल डायरेक्ट डेबिट देतात, जेवढं वापरलं तेवढंच जातं, फक्त डिसेंबर-जानेवारीचा दणका झेलायची तयारी हवी.

अंदाज चुकला की सगळंच चुकतं, म्हणून स्मार्ट मीटर नसेल किंवा त्याचं रीडिंग जात नसेल तर दर महिन्याला स्वतः रीडिंग पाठवा. बिलावर 'एस्टिमेटेड' लिहिलंय का ते बघा. गॅसचं मीटर युनिट दाखवत नाही, घनमीटर दाखवतं, एका घनमीटरचे साधारण ११ युनिट होतात. काही जुनी मीटरं घनफुटात मोजतात, आणि कंपनीच्या रेकॉर्डला मीटरचा प्रकार चुकीचा लागला असेल तर बिल जवळजवळ तिप्पट किंवा एक तृतीयांश येऊ शकतं! नवीन घरात गेल्यावर हे एकदा चेक कराच.

फिक्स घ्यावा की नको? फिक्स नसेल तर तुम्ही बहुतेक स्टँडर्ड व्हेरिएबलवर (कंपनीचा नेहमीचा, दर बदलत राहणारा टॅरिफ) असता आणि त्यावर ऑफजेमची, म्हणजे ऊर्जा नियामकाची, प्राइस कॅप (दराची कमाल मर्यादा) लागते, ती दर तीन महिन्यांनी बदलते. (उत्तर आयर्लंडला ही कॅप नाही.) कॅपसुद्धा दरावर असते, एकूण बिलावर नाही, बातम्यांत जो वर्षाचा आकडा येतो तो ठराविक वापराच्या घराचा असतो. म्हणून तुलना करताना महिन्याचा हप्ता बघूच नका, कंपनी कमी हप्ता दाखवून गोड बोलते आणि नंतर वाढवते. युनिट रेट आणि स्टँडिंग चार्ज दोन्ही घ्या आणि आपल्या गेल्या वर्षभराच्या युनिटनी हिशोब करा. वापर फार कमी असेल तर कमी स्टँडिंग चार्जवाला बरा, भले युनिट थोडं महाग असो.

एक्झिट फी, म्हणजे मुदतीआधी करार सोडल्यास लागणारी फी, वाचा, वीज आणि गॅसची बहुतेक वेगवेगळी असते. फिक्स संपायच्या शेवटच्या ४९ दिवसांत मात्र फी न देता बदलता येतं, आणि नवीन करार केल्यावर विचार बदलला तर १४ दिवस असतात. तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, कारण काहीच केलं नाही तर बहुतेक वेळा आपोआप स्टँडर्ड व्हेरिएबलवर जाता.

हप्ता अचानक वाढवला तर हिशोब मागा, कुठल्या वापरावर काढला ते विचारा. तक्रार लेखी करा, ८ आठवड्यांत मिटली नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे (तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था) जाता येतं, फुकट असतं.