पगाराचं कोष्टक नंतर, शिस्तीचं कलम आधी

टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये शहर आणि पोलीस युनियन यांच्यातला नवा करार नगर परिषदेपुढे आला की आमच्या मराठी ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "पगारवाढ किती?" ऑक्टोबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पाच वर्षांच्या कराराचा खर्च 21 कोटी 80 लाख डॉलर धरला होता, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण पोलिसाने एखाद्याला विनाकारण मारलं तर पुढे काय होणार, हेही त्याच करारात मागच्या पानांवर लिहिलेलं असतं. तिथपर्यंत फार कमी लोक पोचतात. कंत्राटं तपासणं हीच माझी नोकरी, म्हणून ती पानं कशी वाचायची ते सांगते. तुम्ही अमेरिकेतल्या दुसऱ्या शहरात असलात तरी पद्धत हीच. मुदती आणि कलमांचे क्रमांक तेवढे बदलतील.

करार शहराच्या संकेतस्थळावर लेबर रिलेशन्सच्या पानावर सापडतो. नाही सापडला तर सिटी क्लर्ककडे मागा, तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. सोबत राज्याचा कायदा उघडून ठेवा. टेक्सासमध्ये तो म्हणजे लोकल गव्हर्नमेंट कोडचं प्रकरण 143. कायद्यात काय आहे आणि करारात त्यात काय बदललंय, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय करार कळत नाही. एखादं जाचक कलम युनियनने मिळवलेलं आहे असं वाटतं, आणि मग कळतं की ते मुळात कायद्यातच होतं. तसं असेल तर नगर परिषदेशी भांडून उपयोग नाही, आमदाराला गाठावं लागतं.

आता पहिलं शोधायचं ते मुदतीचं कलम. शिक्षा किती दिवसांत द्यावी लागते, आणि ते दिवस कधीपासून मोजायचे? टेक्सासमधल्याच सॅन अँटोनियोत 2016 मध्ये एका पोलिसाने पावात विष्ठा घालून तो एका बेघर माणसाजवळ ठेवला. खात्याने त्याला बडतर्फ केलं. लवादाने ती बडतर्फी रद्द केली, कारण घटना नेमकी कोणत्या तारखेची हे खात्याला सिद्ध करता आलं नाही, आणि करारात घटनेपासून 180 दिवसांची मुदत होती. दुसऱ्या एका तशाच प्रकरणातली बडतर्फी टिकली, म्हणून तो परत कामावर आला नाही. पण पहिल्या प्रकरणात कृत्य काय होतं यापेक्षा तारीख मोठी ठरली. 2022 च्या करारात तिथे हे बदललं. दिवस आता खात्याला कळल्यापासून मोजतात. म्हणून आकडा 180 आहे की 365 यावर थांबू नका. त्याच वाक्यात "पासून" कशाला जोडलंय ते बघा.

दुसरं, चौकशीचं कलम. पोलिसाला जबाबाआधी किती तास नोटीस मिळते (आमच्याकडे 48), आणि तोवर त्याला व्हिडिओ व इतर पुरावा दाखवतात का? नोटीस आणि वकील यांना माझा अजिबात विरोध नाही. कुठल्याही कामगाराला खातेनिहाय चौकशीत ते मिळायलाच हवं. जबाब देण्याआधी सगळा पुरावा बघायला मिळणं ही मात्र वेगळी सवलत आहे. ती तक्रारदाराला मिळत नाही, साक्षीदारालाही नाही.

फाइलींचं कलमही सोडू नका. जुने ठपके किती वर्षांनी पुसले जातात, आणि ज्या तक्रारीतून निलंबन झालं नाही ती कुठे जाते? टेक्सासच्या कायद्यात अशा कागदांसाठी गोपनीय फाइल ठेवायची सोय आहे, तिला सगळे "जी फाइल" म्हणतात. मे 2023 मध्ये ऑस्टिनच्या मतदारांनी पोलिसांवरच्या देखरेखीचा कायदा मंजूर केला, त्यात ही फाइल बंद करायची होती. त्याच मतपत्रिकेवर त्याच नावाचा दुसरा प्रस्तावही होता, पोलीस युनियनच्या पाठबळावर आलेला. नाव वाचून शिक्का मारणाऱ्याची फसगत ठरलेली! मतदारांनी नीट वाचलं आणि दुसरा पाडला. तरी शहर ती फाइल वापरत राहिलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीशाने शहराच्या विरोधात निकाल दिला.

सगळ्यात जास्त वेळ अपिलाच्या कलमाला द्या. आमच्या कायद्याप्रमाणे बडतर्फ पोलीस नागरी सेवा आयोगाऐवजी (शहराचं अपील ऐकणारं मंडळ) बाहेरचा लवाद मागू शकतो. लवाद कोण यावर एकमत झालं नाही तर सात नावांची यादी येते. दोन्ही बाजू आळीपाळीने एकेक नाव खोडतात, शेवटी उरतो तो निवाडा करतो. निवाडा अंतिम असतो. लवादाने अधिकार ओलांडले किंवा निकाल लबाडीने मिळवला असं दाखवता आलं तरच कोर्ट ऐकतं. निकाल चुकीचा आहे एवढं म्हणून भागत नाही. यात मला मोठा धोका दिसतो तो असा: ज्याला पुढच्या यादीतही आपलं नाव टिकवायचंय, त्याला कोणत्याच बाजूला फार दुखवून चालत नाही. मग बडतर्फीचं लांब निलंबन करणं हा सोयीचा मधला मार्ग होतो. वॉशिंग्टन पोस्टने 2017 मध्ये देशातल्या मोठ्या खात्यांची माहिती गोळा केली, तेव्हा 2006 पासून बडतर्फ केलेल्या 1,881 पोलिसांपैकी 451 जणांना अपिलानंतर परत घ्यावं लागल्याचं दिसलं. मिनेसोटा राज्याने, पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाल्यावर, 2020 मध्येच नावं खोडण्याची पद्धत पोलिसांच्या शिस्तीच्या प्रकरणांपुरती बंद केली. तिथे आता ठरावीक लवादांकडे क्रमाने प्रकरणं जातात.

सगळं खापर युनियनवर फोडू नका. "अशाच प्रकरणात आधी तीन दिवसांचं निलंबन दिलं होतं, मग आता बडतर्फी का?" हा युक्तिवाद लवादापुढे टिकतो, कारण आधीच्या साहेबांनी खरंच तीन दिवसांवर सोडलेलं असतं. नगरसेवकाला हे जरूर विचारा: गेल्या काही वर्षांत कोणत्या गैरवर्तनाला कोणती शिक्षा दिली, याचा तक्ता शहराकडे आहे का?

भरतीचं कलम छोटं असतं, पण वाचा. आमच्या कायद्यात भरती लेखी परीक्षेच्या गुणानुक्रमाने होते. मुलाखतीला वजन द्यायचं किंवा दुसऱ्या खात्यातले अनुभवी पोलीस घ्यायचे तर करारातून सूट लागते. प्रोबेशन किती महिन्यांचं तेही बघा, कारण त्या काळात माणसाला सहज काढता येतं, नंतर नाही.

प्रशिक्षणाबद्दल करारात फारसं सापडणार नाही. ते पैशांवर आणि वरिष्ठांच्या हुकमावर चालतं. ऑस्टिनने 2020 मध्ये नव्या कॅडेटांचे वर्ग थांबवले आणि अभ्यासक्रम तपासून 2021 मध्ये पुन्हा सुरू केले, ते परिषदेच्या निर्णयाने. याला मर्यादाही आहे. मिनियापोलिसच्या महापौरांनी 2019 मध्ये "योद्धा" छापाच्या (समोरचा प्रत्येक माणूस धोका आहे असं शिकवणाऱ्या) प्रशिक्षणावर बंदी घातली, तर तिथल्या युनियनने तेच प्रशिक्षण सुट्टीच्या वेळेत फुकट देऊ केलं.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई पोलिसांच्या विरोधात आहेत. माझे वडील मुंबई पोलिसात हवालदार होते, आम्ही नायगावच्या पोलीस लाईनीत वाढलो. गणपतीचा बंदोबस्त लागला की आई त्यांचा डबा शेजारच्या शिपायाबरोबर पाठवायची. साप्ताहिक सुट्टी कागदावरच. ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईच्या पोलिसांनी बंड केलं तेव्हा लष्कर आलं आणि संघटनेची मान्यता गेली. भारतात 1966 च्या कायद्याने पोलिसाला सरकारच्या परवानगीशिवाय युनियनमध्ये जाता येत नाही, आणि त्याचे हाल मी घरात पाहिलेत. म्हणूनच पगार, ड्यूटीचे तास आणि सुट्टी यांसाठी इथली युनियन भांडते ते मला पटतं. माझा आक्षेप सौद्याला आहे. तिजोरीत पैसे कमी असले की शहर पगाराऐवजी शिस्तीची कलमं देऊन मोकळं होतं, कारण त्यांचा खर्च अंदाजपत्रकात दिसत नाही.

हा सौदा मोडता येतो. डिसेंबर 2017 मध्ये ऑस्टिनच्या परिषदेने 8 कोटी डॉलरहून जास्त खर्चाचा करार एकमताने परत पाठवला. त्याआधी इथले कार्यकर्ते वाटाघाटींच्या बैठकांना जाऊन बसत होते; त्या जनतेला खुल्या होत्या. वर्षभराने जो करार झाला त्याचा खर्च सुमारे साडेचार कोटी होता, आणि त्यात निनावी तक्रारीची सोय व देखरेखीचं नवं कार्यालय आलं. मधल्या काळात पोलिसांचे काही भत्ते थांबले आणि करारातून मिळालेली देखरेखही गेली, हे लक्षात ठेवा. करार नसणं फुकट पडत नाही.

म्हणून परिषदेतल्या मतदानाच्या दिवसाची वाट पाहू नका, तोवर मसुदा पक्का झालेला असतो. करार कधी संपतो ते पहिल्या किंवा शेवटच्या कलमात असतं. ऑस्टिनचा सध्याचा 2029 पर्यंत आहे. त्याच्या वर्षभर आधी तुमच्या नगरसेवकाच्या कार्यालयाला ईमेल करा आणि वाटाघाटींच्या बैठका खुल्या असतील का ते विचारा. परिषदेपुढे बोलायला मोजकी मिनिटं मिळतात, त्यात सगळा करार मांडू नका. एकच कलम घ्या, त्याचा क्रमांक सांगा, आताचं वाक्य वाचून दाखवा, त्याजागी कोणतं हवं तेही वाचा, आणि आपला मतदारसंघ सांगून खाली बसा.