गोव्याच्या जुन्या छापील पानांत आपले शब्द कसे शोधावेत

गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा इथल्या औषधींवरचा, संवादांच्या रूपात लिहिलेला ग्रंथ गोव्यात १० एप्रिल १५६३ रोजी छापून पुरा झाला. जेझुइट पाद्र्यांबरोबर छापखाना गोव्यात येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. मला पोर्तुगीज जेमतेम येतं, तरी हा ग्रंथ माझ्यासाठी उघडला तो एका शब्दानं.

पटकीच्या प्रकरणात तो शब्द रोमन अक्षरांत आहे: morxi. डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं म्हणा. पोर्तुगीज ‘एक्स’ म्हणजे आपला ‘श’. झालं ‘मोर्शी’. आता ‘र’च्या जागी ‘ड’ घालून पाहा. मोडशी! पोट बिघडलं की माझी आजी हाच शब्द वापरायची. त्या दिवशी मी पुढचं पान उलटलंच नाही.

मग शेपट्या छाटायला शिका. ‘ब्रिंडांव’सारखं काही दिसलं तर शेवटचा नाकातला उच्चार पोर्तुगीज व्याकरणाचा, आणि ‘भ’चा हकार ऐकणाऱ्याच्या कानातून निसटलेला. उरतं भिरंड, म्हणजे आपलं कोकम. पण नुसत्या आवाजावर भरवसा ठेवू नका, वर्णनही जुळलं पाहिजे. इथे आंबट फळ आहे, सालीचा उपयोगही सांगितलाय, जुळतं. त्याच प्रकरणातलं ‘बेर’ म्हणजे बोर, हे तर लगेच कळतं.

एखादा शब्द कशालाच जुळेना, तर आधी शुद्धिपत्र बघा. ते कित्येक पानांचं आहे आणि तरीही अपुरं आहे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची चूक ही बोलीतला नवा शब्द समजून मी एकदा आठवडाभर हिंडले आहे.

सुरुवात वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसनं १५६७ साली केलेल्या या ग्रंथाच्या लॅटिन संक्षेपापासून करू नका. त्यात संवाद गेलेत, आणि खरी गंमत संवादांतच आहे: मुंबई बेटावरच्या स्वतःच्या आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं, असं ऑर्ता तिथे सांगतो. काउंट फिकाल्योची १८९१–९५ची पोर्तुगीज आवृत्ती घ्या. शेजारी मार्कमचं १९१३चं इंग्रजी भाषांतर उघडं ठेवा.

हात बसला की फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाच्या ‘क्रिस्तपुराणा’कडे, म्हणजे ख्रिस्तावरच्या मराठी काव्याकडे, वळा. ते गोव्यातल्या राचोलला १६१६ साली रोमन लिपीत छापलं गेलं. वाचायला १९०७ची मंगळूरची आवृत्ती चालेल. ऑर्तानं शब्द कानावर पडले तसे टिपले. स्टीफन्स मराठी शिकला होता: ट, ड यांसाठी तो अक्षर दुहेरी लिहितो. मोगरीच्या फुलाचं नाव तिथे एका झटक्यात ओळखू येतं.