गुलाबाच्या फांद्या शेंड्याकडून वाळत होत्या, त्यावर केलेला उपाय

पुण्यातील आमच्या अंगणातल्या गुलाबांच्या फांद्या पावसाळ्यानंतर शेंड्याकडून काळ्या पडून खाली वाळत येत, आणि हा बुरशीजन्य रोग कलमाच्या जोडापर्यंत पोहोचला की सहसा झाड हाती लागत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीत प्रत्येक रोगट फांदी, आतला गाभा पांढरट व स्वच्छ दिसेपर्यंत, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या (जिथून नवा कोंब फुटतो) जरा वर तिरकी कापली. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसली, कारण रोग तिच्याबरोबरही पसरतो. उघड्या जखमांवर लगेच बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावले. त्यासाठी 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवून, चुना निवल्यावर एकत्र केले. मिश्रणात बुडवलेल्या लखलखीत लोखंडी खिळ्यावर तांबूस थर चढला, तर चुना वाढवावा. ही परीक्षा मुळीच टाळू नये. छाटलेल्या काड्या जाळल्या. पानांवरील काळ्या ठिपक्यांसाठी गळलेली पाने वेचली व पाणी सकाळी केवळ बुंध्याशी दिले, कारण पान काही तास ओले राहिल्याशिवाय ठिपक्यांची बुरशी रुजत नाही. डिसेंबरमध्ये नव्या, निरोगी फांद्यांवर कळ्या आल्या.